मधल्या अंगणातली मोकळी जागा

३ नोव्हेंबर

ही वही मला लिहावी लागते आहे, कारण गेल्या खेपेला माझ्या सहीवर दुसऱ्याचं मत छापून आलं. मी जपावं म्हणून लिहिलेली बाग ‘विशेष मूल्य नाही’ म्हणून सपाट झाली आणि वारसा समितीत कुणालाच काही आठवेना. आता जे पाहीन ते त्याच दिवशी इथे लिहीन. मग कुणी म्हणून दाखवावं की प्योबाई, तुमचीच काहीतरी गफलत झाली असेल.

तर आज सोल्मे वसाहतीत राहायला आले. सोलच्या पूर्व टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी पाच मजली इमारतींच्या ओळी. सगळ्यांची तोंडं दक्षिणेला, लिफ्ट नाही, भिंतींचा रंग उडालेला. बांधल्या तेव्हा इमारती उंच आणि झाडं खुजी असतील. आता झाडं गच्च्यांच्या वर गेली आहेत आणि इमारतीच त्यांच्या आडोशाला बसल्यासारख्या दिसतात. गिंकोची पिवळी पानं पायाखाली पसरली होती. फार दिवसांनी मन हलकं झालं.

वसाहत पाडून इथे टॉवर व्हायचे आहेत. इमारती वाचवायचं कुणाच्या मनात नाही. प्रश्न तेरा आणि चौदा नंबरच्या मधल्या अंगणाचा आहे. ते वारसा म्हणून ठेवायचं की नाही, हे मी सांगायचं. मी ‘हो’ म्हटलं तर टॉवरांचा आराखडा बदलेल आणि काम लांबेल. म्हणून फाटकावर फलक लावला आहे: ‘आम्हाला आठवणींत कोंडू नका, घरात राहू द्या!’ अक्षर सुबक आहे.

पुनर्बांधणी संघाच्या बोंगताई स्वतः घ्यायला आल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, कुरळे केस, जांभळं कापूस भरलेलं जाकीट. त्या इथे लग्न होऊन आल्या आणि इथेच राहिल्या. “म्हातारपण झाडांना शोभतं हो ताई, नळांना नाही,” म्हणाल्या. मी म्हटलं, मी नळ बघायला आलेलीच नाही. त्या खळखळून हसल्या. बाई मला आवडली.

खोल्या संघानेच दिल्या आहेत. चौदा नंबर, शेवटचा जिना, तिसरा मजला. ऊन भरपूर, जमीन पायाला छान गरम लागते. जमिनीखालून ऊब देणारा बॉयलर बोंगताईंनी स्वतः लावून दाखवला.

५ नोव्हेंबर

नव्या बिऱ्हाडाने शेजारी तांदळाची वाफवलेली वडी वाटायची, ती मी आज वाटली. खरं तर तांबड्या चवळीचा थर दिलेली वाटतात. माझ्या आईच्या मते तांबड्याला वाईट गोष्टी भितात. बोंगताई म्हणाल्या, यंदा चवळीला कीड आहे, पांढरीच घ्या. पांढरी तान्ह्या मुलाच्या समारंभाला वाटतात. पण असल्या बाबतींत मी काटेकोर नाही. घेतली.

जिन्यातल्या माझ्याखेरीज सगळ्या दारांवर ‘घर रिकामं’ अशी लाल चिठ्ठी आहे. माझा विश्वास बसला नाही. सही न देणाऱ्याच्या दारावरही अशी चिठ्ठी डकवून त्याला पळवून लावायचं, ही अशा संघांची जुनी रीत आहे. आणि माणसं राहत असतील तर अंगण वापरात आहे. वापरातल्या अंगणाचं मोल वेगळं धरावं लागतं. म्हणून मी प्रत्येक दारापुढे एकेक बशी ठेवली. उचलली गेली तर आत माणूस आहे. आमच्याकडे शेजाऱ्याची बशी रिकामी परत करत नाहीत, तेव्हा परत येताना ती आणखीही काही सांगेल.

पहारेकरी सोक झाडू टेकून बघत होता. म्हणाला, “काकू, पालींना पार्टी देताय का?” मी त्याला फाटकावर लक्ष ठेवायला सांगितलं.

७ नोव्हेंबर

बश्या परत आल्या. सगळ्या. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी एकावर एक नीट रचून ठेवलेल्या आणि वरच्या बशीत लाल बोरं, तिच्या खालच्या बशीत सोललेले चेस्टनट.

म्हणजे चिठ्ठ्या खोट्या आहेत. मी तशीच बोंगताईंकडे गेले आणि स्पष्ट विचारलं, या जिन्यात कोण कोण राहतं. त्यांच्या हातात कोबी होता, हिवाळ्यासाठी किमची खारवायची तयारी चालली होती. कोबी चिरणं थांबलं. मग म्हणाल्या की कुणी नाही, सगळे केव्हाच गेले. नजर माझ्याकडे नव्हती. खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

बोरं गोड होती. चेस्टनट मात्र पितरांच्या ताटात ठेवतात तसे कोरून सोललेले होते. हल्ली इतकं कोण करतं?

८ नोव्हेंबर

अंगण मोजलं. मूळ नकाशात इथे मोकळी हिरवळ आहे, एकही झाड नाही. प्रत्यक्षात मेटासेक्वोयाच्या, सुरूसारख्या त्या उंच सरळ झाडांच्या, दोन ओळी आहेत, म्हणजे त्या मागाहून कुणीतरी लावल्या. उद्यानशास्त्र शिकलेला माणूस अशी लावणी करणार नाही. झाडं फार जवळजवळ आहेत, माणूस आडवा होईल एवढीच जागा सोडलेली. काही ठिकाणी तर त्याहून कमी, लहान मूल मावेल इतकी. सगळी मात्र एकाच वेळी लावलेली दिसतात, बुंधे सारखे आहेत.

दुसऱ्या ओळीच्या टोकाला एक जागा मोकळी आहे. तिथे कधी झाड नव्हतं. खोड नाही, मूळ नाही, पण अंतर बरोबर सोडलेलं.

हे वसाहत बांधणाऱ्यांचं काम नाही, राहणाऱ्यांचं आहे. याला मोल आहे. का लावली, ते कळलं पाहिजे. सोकला विचारलं तर तो शिंकला आणि निघून गेला.

१० नोव्हेंबर

डोकं दुखतं आहे. जिना बंद असल्यामुळे हवा कोंडते, दुसरं काही नाही.

बाहेरून फिरून, मग तेरा नंबरच्या गच्चीवरून जिन्यातली घरं पाहिली. समोरच्या घराच्या खिडक्या चौकटीसकट काढून नेलेल्या आहेत. आतली जमीन उखडलेली, भिंतीला बॉयलरची जागा तेवढी दिसते. खालचं तसंच. वरचंही तसंच. इथे मांजरसुद्धा राहणार नाही.

तरी दुपारी माझ्या उंबऱ्याशी वाडगा आला होता, सांडलेल्या थेंबांची ओळ समोरच्या दारापासून. मुळ्याच्या पांढऱ्या किमचीचं पाणी, वर बर्फाची पापडी. वास ताजा.

हे बोंगताईंचं काम असणार. मला घाबरवून ‘मूल्य नाही’ लिहून घ्यायचं, म्हणजे टॉवर वेळेवर उभे राहतील. मी पाणी मोरीत ओतलं, वाडगा धुतला आणि रिकामाच त्या दारापुढे ठेवला. मुद्दाम.

संध्याकाळी त्या जिन्याच्या तोंडाशी भेटल्या. म्हणाल्या, “घर मानवलं हो तुम्हाला! गाल बघा कसे नव्या नवरीसारखे झालेत.” आरशात पाहिलं. खरंच लाल आहेत. या वयात.

११ नोव्हेंबर

पुन्हा वाडगा आला. तेच पाणी. ओतून दिलं.

जिन्यात कोळशाचा वास येतो. त्या भोकाभोकांच्या कोळशाच्या विटा लहानपणी आम्हीही जाळायचो. तो वास विसरणं शक्य नाही. इथे मात्र सगळे बॉयलर गॅसवर आहेत. कोळसा जाऊन एक जन्म लोटला.

१२ नोव्हेंबर

बॉयलर तपासायला माणूस बोलावला. त्याने यंत्र लावलं, नळी पाहिली. म्हणाला, हवा स्वच्छ आहे, काकू, जरा फिरायला जात जा. मी विचारलं, बोंगताई तुझ्या कोण? कुणीच नाही म्हणाला, आणि हसला. मला ते हसणं पटलं नाही.

बॉयलर बंद केला. खिडक्या उघड्या टाकल्या. गारठा आत आला, वास गेला नाही. जमीन अजून गरम आहे.

बंद बॉयलरवर जमीन गरम कशी?

वाडगा आला. या वेळी काठोकाठ, घाईघाईने भरल्यासारखा, उंबऱ्यावर सांडलेला. ओतला. ओतताना वरच्या मजल्यावर कुणीतरी जमिनीवर थोपटलं. हलकेच. नको नको म्हणावं तसं.

१३ नोव्हेंबर

बाजारात वडीच्या दुकानात गेले. रस्त्यात दोनदा बसावं लागलं. बाईला विचारलं, चवळीला कीड आहे का यंदा? ती रागावली. म्हणाली, कुठल्या शिंदळीने सांगितलं? पोतं उघडून दाखवलं. एकही दाणा किडका नव्हता. तांबड्याला जे भितं ते माझ्यापासून पळू नये, म्हणून पांढरी.

मी सगळ्यांवर संशय घेतला. बश्यांवर, वाडग्यावर, सोकवर, बॉयलरवाल्यावर. पांढऱ्या वडीवर घेतला नाही. कारण ती हसतहसत सांगितली होती.

या खोल्याही तिनेच निवडल्या.

१४ नोव्हेंबर

बोंगताईंना अंगणात गाठलं. झाडाला धरून उभी राहिले आणि म्हटलं, ताई, आता खरं सांगा. त्यांनी सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबेनात.

वसाहत नवी होती तेव्हाचा हिवाळा. शेवटच्या जिन्याचं सामाईक धुराडं तुंबलं आणि पहाटे कोळशाचा वायू सगळ्या घरांत उतरला. शेजाऱ्यांनी दारं फोडून माणसं ओढत इथे आणली आणि मातीचा वास मिळावा म्हणून पालथी घातली. मग ज्याच्या त्याच्या तोंडात मुळ्याच्या किमचीचं पाणी ओतलं. तेव्हा तेच औषध होतं. जवळजवळ कुणाच्याच घशाखाली उतरलं नाही. गाल मात्र सगळ्यांचे गुलाबी, झोपल्यासारखे.

वसाहतीचं नाव जाईल म्हणून कुणी बोभाटा केला नाही. जो जिथे निजला होता तिथे एक झाड लावलं, झालं.

मी विचारलं, तुम्ही कुठे राहत होता? त्या म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावर, तुमच्याच खोल्यांत. नवीन लग्न झालं होतं. “मला पाणी उतरलं, ताई. एकटीला उतरलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात डोकं दुखतं. यंदा पहिल्यांदाच नाही दुखत.”

त्या मोकळ्या जागेकडे मी पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

ते पाणी औषध होतं.

वरचे, खालचे, समोरचे. ते मला पाजत होते. मी मोरीत —

वाडगा दारापुढे ठेवून आले. हात जोडले. दार वाजवलं, मोठ्याने म्हटलं, चुकले, एकदा द्या. समितीत कधी कुणाचे पाय धरले नाहीत. इथे उकिडवी बसले.

१५ नोव्हेंबर

निघायचं ठरवलं. एक मजला उतरले आणि पाय गेले. वर कशी आले आठवत नाही. चपला मात्र नीट जोडीने ठेवलेल्या होत्या, बोटं आतल्या बाजूला. तशा मी ठेवत नाही.

फोन लागेना, म्हणून सोकला खिडकीतून हाक मारली. म्हणाला, दवाखान्याची गाडी बोलावली आहे, येतेच आहे. कुणी बोलावली? बोंगताईंनी, म्हणाला.

कोळसा. सगळीकडे —

१६ नोव्हेंबर

गाडी नाही.

वाडगा आला. भिंत धरून गेले. पाणी नव्हतं.

रोप होतं. मेटासेक्वोयाचं, वीतभर. मुळांना ओली माती.

त्यांनीसुद्धा आशा सोडली म्हणायची. किंवा त्यांना वाटलं — पांढरी वडी देऊन मीच तर त्यांच्यात यायला —

अहवाल पुरा केला. तेवढं तरी. कुणी काहीही केलं असलं तरी झाडं खरी आहेत.

१७ नोव्हेंबर

काय कुणाच्या हाती दिलं त्याची नोंद. अक्षर वळतं आहे तोवर.

सोकच्या हाती: अहवाल, पाकीट बंद करून, माझ्या सहीचा. मधलं अंगण जपावं. झाडांसकट, नावांसकट. नावं आधी शोधावीत. तो जिन्यात वर आला नाही, म्हणून पाकीट दोरीने खाली सोडलं. टपालपेटीत टाकताना मी पाहिलं. या वेळी कुणी बदलू शकणार नाही, कारण हे इथेही लिहिलं आहे.

समोरच्या दारापुढे: त्यांचा वाडगा, धुऊन. रिकामा कसा द्यायचा. घराची किल्ली ठेवली.

खाली मोकळ्या जागेत खड्डा आहे. ताजा. काठाशी जांभळं जाकीट. वर बघून कमरेत वाकल्या, खूप खाली. किती वेळ झाला, अजून उठत नाहीत. रडताहेत की —

जिन्यातली दारं उघडताहेत. एकेक. शेजारी कसे येतात, तसे. चपला काढून.

एक नोंद राहिली.

देणार: बोंगताई.

घेणार: चौदा नंबर, शेवटचा जिना.

वस्तू: एक —