एक्केचाळिसावे नाणे

मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कान ठिकाणावर असल्याचा पुरावा पुढे येईल.

१. दुकान, त्यामागचे राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. यावर चर्चा नको.

२. हत्यारे मुलीला. चिरंजीवांनी कानस हातात धरली ती फक्त नखांसाठी. मुलीने नवव्या वर्षी केसांच्या पिनेने माझे कपाट उघडले होते. मी तिला रागावलो आणि आतल्या खोलीत जाऊन पोटभर हसलो.

३. आता नाणी. एकूण दोनशे बारा, लोखंडी पेटीत, मी स्वतः घडवलेल्या सात लिव्हरच्या कुलपात. गेल्या रविवारी जेवण करून मी डोळे मिटून पडलो होतो. चिरंजीव आणि जावई उशाशी बसून बोलत होते.

"बाबांनंतर अख्खी पेटी त्या नाणेवाल्याला देऊन टाकू. एकेक कोण बघत बसणार?"

"आणि किल्ली?"

"तुमच्याकडे कटर आहे ना."

मी झोपलो की घोरतो, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी घोरत नव्हतो, एवढे तरी ऐकायचे. असो. पेटीला कटर लागल्यास सर्व नाणी माझ्या मेहुण्याला जातील. मेहुण्याबद्दल चिरंजीवांचे आणि माझे मत एकच आहे, त्यामुळे कटर लागणार नाही.

४. लाल कापडातली एकशे एकाहत्तर नाणी विकावीत. नाणेवाला माझा तीस वर्षांचा मित्र आहे, म्हणून सावध करतो. तो भिंग लावून उसासे टाकेल आणि दर उसाशाला भाव उतरवेल. उसासे मोजावेत आणि भाव तेवढाच परत चढवावा. येतील ते पैसे मुलांनी वाटून घ्यावेत.

५. निळ्या पिशवीतली एक्केचाळीस विकू नयेत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी बाहेरगावी असताना पत्नीने त्यातली चाळीस राख-लिंबाने घासून लख्ख केली, मला आनंद व्हावा म्हणून. जुन्या नाण्याची किंमत त्याच्या काळेपणात असते. घासलेल्याला नाणेवाला हात लावत नाही. मी अकरा दिवस तिच्याशी बोललो नाही. बाराव्या दिवशी तिने विचारले, "अहो, घसा बसलाय का?" ही नाणी नातवंडांना खेळायला द्यावीत.

६. एक्केचाळिसावे तिच्या हातून कसे सुटले कोण जाणे. हे कलम वाचताना पत्नीला चहा टाकायला पाठवावे. मी बाविशीत दारोदार फिरून किल्ल्या करायचो, तेव्हा सासऱ्यांची अडकलेली तिजोरी उघडून दिली. त्यांनी चांदीचे जुने नाणे दिले. सवयीने फरशीवर टाकून पाहिले, तर आवाज बद्द. खोटे. तोंड उघडणार, तोच त्यांची मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली आणि माझे तोंड मिटले. दुसऱ्या दिवशी तिजोरीला तेल घालायला मी फुकट गेलो. ते नाणे खोटे असल्याचे पत्नीला कधीही कळू देऊ नये. तिच्या लेखी तिचे अप्पा देवमाणूस होते.

पुरवणी, त्याच दिवशी. कागद टेबलावर ठेवून मी साक्षीदारांना बोलवायला गेलो. परत आलो तर माझा चष्मा पत्नीच्या नाकावर.

"तो आवाज मीही ऐकला होता," ती म्हणाली. "म्हणून तर पाणी घेऊन धावले."

"आणि घासताना?"

"घासलं असतं तर मुलामा निघाला असता. आतलं तांबं बघून अप्पांना काय म्हणाला असता तुम्ही?"

"मग बाकीची चाळीस का घासलीस?"

"काळी पडली होती हो."

सबब, कलम सहामधली चहाची अट रद्द. पेटीची किल्ली तिच्या सुयांच्या डब्यात तळाशी आहे. हेही तिला माहीत निघाले. कलम चार व पाच रद्द. काय ठेवायचे आणि काय विकायचे ते तीच ठरवेल आणि ते सर्वांवर बंधनकारक राहील. पेटी उघडतेवेळी घरात लिंबू नसावे, एवढीच माझी अट.

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर. २. शेजारचा शिंपी (मजकूर न वाचता सही केली, असे त्याचे म्हणणे, हसत मात्र होता).

स्थळ: दुकानामागची खोली. दिनांक चौदा, मंगळवार, दुकान बंद.

सही: दुकानाच्या पाटीवर आहे तीच.