हरकत असेल तर कळव

प्रिय दादा,

कसा आहेस असं विचारत नाही, तू मजेतच असणार. इथे बाबा बरे आहेत. सकाळी फाटकापर्यंत चालतात, चहात चोरून साखर घालतात आणि शेजारच्या मास्तरांशी पत्त्यांत हरले की दिवसभर फुगून बसतात. तुझी आठवण पूर्वीइतकी काढत नाहीत. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

माझं काम तेच. जगभरच्या हौशी लोकांनी फुकट वाटलेले प्रोग्राम गोळा करायचे, त्यांची पॅकेजं बांधायची आणि आमच्या लिनक्समध्ये, म्हणजे ज्यावर कॉम्प्युटर चालतो त्या व्यवस्थेत, ती एकमेकांशी न भांडता नांदतील असं बघायचं. एकाला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा, आणि त्यातल्या कितीतरी जणांना लागायची तुझी लायब्ररी, बाकीच्या प्रोग्रामांनी आयती वापरायची कोडची जुडी. कुणी कशीही तारीख लिहो, ती बरोबर वाचणारी. छोटीशी, नेटकी. कॉलेजात असताना तू ती लिहिलीस तेव्हा तुझ्या खुर्चीमागे उभी राहून मी हे सगळं शिकले. तू ते कुणालाच विसरू दिलं नाहीस, मला तर नाहीच.

आमच्या लिनक्सची नवी आवृत्ती निघायच्या तोंडावर तू काय केलंस ते आठवत असेलच. बाकीचे प्रोग्राम ज्यांच्यावर चालायचे ती लायब्ररीतली जुनी फंक्शनं काढून टाकलीस आणि तिच्या आवृत्तीचा पहिला आकडा मात्र होता तसाच ठेवलास. तो आकडा बदलला की आम्ही सावध होतो, हे तूच मला शिकवलेलं. कॅलेंडर, मेल, घड्याळ, सगळे एकापाठोपाठ आडवे झाले. मी फोनवर तुझ्या नाकदुऱ्या काढल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी. तू दुरुस्ती दिलीस, पण आधी आमच्या टीमच्या मेलिंग लिस्टवर सगळ्यांच्या देखत लिहिलंस, की माझ्या धाकट्या बहिणीला अजून पॅकेज बांधता येत नाही, तिच्या वतीने मीच माफी मागतो. लोकांनी हसरे चेहरे टाकले. मी त्याखाली तुझे आभार मानले. इतका राग आला होता आणि मी त्या आभारांचं शुद्धलेखन तपासत बसले होते.

त्यानंतर मी भांडले नाही. एकेका प्रोग्रामच्या लेखकाला गाठलं, तुझ्या लायब्ररीवाचून त्याचं कसं भागेल ते स्वतः लिहून दिलं, गोड बोलून गळी उतरवलं. आपलं कोंबडं आरवल्याशिवाय कुणाकडे उजाडतच नाही, असं तुला वाटत होतं. एकेक जण सुटत गेला आणि तुला पत्ताही लागला नाही, कारण कोण आपल्यावर विसंबून आहे हे डोकावून बघायची तुला सवयच नाही.

शेवटी एकच उरला. तू घर सोडून जाताना बाबांच्या कॉम्प्युटरवर बसवून गेलास तो प्रोग्राम, रोज नाश्त्यानंतर तुझ्या आवाजात 'बाबा, गोळी घ्या' म्हणणारा. मागच्या आठवड्यात मी तिथून तुझी लायब्ररी काढली, तिच्याबरोबर तोही गेला. बाबा पाण्याचा पेला हातात धरून पडद्यासमोर बसून राहिले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. उठून गोळी देणं काही अवघड नव्हतं, पण दुपारपर्यंत मी उठले नाही. त्यांना कितपत अडतं ते मला बघायचं होतं. मग त्यांनी विचारलं, आज तो बोलला नाही का. मी म्हटलं, त्याने बंद केलं. बाबा बरं म्हणाले. आता माझ्या हातून घेतात.

एखादं पॅकेज कायमचं काढून टाकण्याआधी मूळ लेखकाला कळवायचं, हरकत घ्यायला मुदत द्यायची, असा आमचा नियम आहे. म्हणून हे पत्र, एरवी लिहिलं नसतं. तुझ्यावाचून आता कुठलाही प्रोग्राम अडत नाही, मी सगळे तपासून पाहिले. हरकत असेल तर कळव. लिस्टवरच लिही, सगळ्यांच्या देखत. बाबांना मी विचारलंय. त्यांची काही हरकत नाही.

तुझीच,
धाकटी