वजिराच्या थडग्यातलं खोडलेलं नाव

धाहरान, २०१३

मुन्नीबाय, घरातल्या सगळ्यांना सलाम, पोरांना दुआ.

शाळेत टेबलावर छडीचा ठक ठक ताल धरून मास्तर कविता म्हणून घ्यायचे, तो आवाज आज सारखा कानात येतोय. मी ठीक आहे, नोकरीही वाचली. तुझा गुडघा कसा आहे?

ऑफिसात माझ्या शेजारी इजिप्तचा शौकी बसायचा. त्याच्या गावाजवळ जुन्या काळच्या एका वजिराचं थडगं आहे. भिंतीवर वजिरामागे त्याचा कारकून कोरलाय, पण त्याचं नाव कुणीतरी छिन्नीने खरवडलंय. "नाव गेलं की माणूस परलोकातूनही गेला, हाजी जाफर! आपण कारकुनांनी जपून राहावं," असं म्हणून तो खूप हसला होता.

सौदी मुलांना जागा द्यायची म्हणून आम्हा दोघांतला एक कमी करायचा होता. मी जुना माणूस म्हणून साहेबांनी नावांची यादी माझ्याकडेच दिली, एक नाव खोडायला. मुन्नी, मी त्याचं नाव खोडलं. त्याला वाटतं, हुकूम वरून आला.

त्याचं विमान दुपारीच गेलं असेल, असं धरून हे लिहीत होतो. पण दार वाजतंय. "हाजी, विमान चुकलं तरी चालेल, तुम्हाला भेटल्याशिवाय कसा जाऊ?" असं तो बाहेरून ओरडतोय.

कडी काढायला हात धजत नाही गं.

तुझा भाऊ,
जाफर