नंदीच्या कानात

अव्वा,

बैलाचं डोकं नुकतंच उतरवून ठेवलंय आणि तुला लिहितेय. इथे लातूरला, कॉलेजच्या सामन्यात नाचून आपल्या संघाला चेव आणणाऱ्या पोरींत मी गेलेय. संघाचं चिन्ह बैल, म्हणून मला बैलाचं जड सोंग दिलंय, तोंड कुणाला दिसत नाही. तरी अप्पांना पोरींनी मैदानात नाचलेलं चालायचं नाही. तूच सांग त्यांना.

आज एका म्हातारीनं मला नंदी समजून पाया पडून कानात सांगितलं, "सून सुखरूप बाळंत होऊ दे, देवा." मी मान हलवली. शेजारची पुनम म्हणाली, "नाचायचं सोडून आशीर्वाद द्यायलीस व्हय गं?"

तुझे गुडघे कसे आहेत? जेवण इथे बरं मिळतं.

तुझीच,
अंबिका

ता. क. पत्र टाकायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन आला. आपल्या धाकट्या रविकिरणनं त्यांना माझ्या नाचाचा व्हिडिओ दाखवला होता. "मान दुखत असंल, तेल लाव," एवढंच म्हणाले.