काचेवरचे पांढरे ठिपके

२१ डिसेंबर
परत ठिपके. काल व्हिनेगर लावून हात दुखेस्तोवर शॉवरची काच पुसली होती, आणि आज सकाळी बघते तर तांदळाच्या पिठात बोटं बुडवून कुणी झटकल्यासारखी. मग त्या सॉफ्टनरचा उपयोग काय? बोअरचं पाणी मऊ करायला गच्चीवर एवढं धूड उभं केलंय. पोत्यानं मीठ खातंय मेलं.
हे म्हणाले, "असू दे की. काच आहे, देव्हारा नाही."
असू दे म्हणे! जन्म कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेला माझा. पत्र्याचं दार, खाली शेवाळ. हे वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर इथं सोलापुरात घर घेतलं ते माझ्या हौसेनं, आणि त्यातली सगळ्यात मोठी हौस ही बाथरूम. दुपारी परत पुसली.

२३ डिसेंबर
महेशला फोन केला. मशीन त्यानंच बसवलंय, धंदाच तो त्याचा. ह्यांचा सख्खा भाचा, म्हणून दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही आम्ही.
"मामी, सुरुवातीला जुने डाग दिसतात, जातील."
दिवाळीच्या आधी बसवलंय. सुरुवात संपायची कधी?
मशीन नवं होतं का, हा माझा प्रश्न. खोक्यातून काढताना मी बघितलं नाही. मी देवळात होते. हे घरी होते, पण ह्यांचं लक्ष असतं कुठे.

२६ डिसेंबर
आज भलतंच. हे अंघोळ न करताच सकाळच्या गाडीनं कु.वाडीला, म्हणजे कुर्डुवाडीला गेले, "पेन्शनचं जरा बघून येतो." मी शॉवरखालीच अंघोळ केली. संध्याकाळपर्यंत काच लख्ख. एक ठिपका नाही.
म्हणजे मशीन मनात येईल तेव्हा चालतं. जुनंच असणार. रंग मारून दिलं असेल.
आणि पेन्शनचं दर आठवड्याला काय बघायचं असतं? पेन्शन तर बँकेत येते. विचारलं तर "असतं काहीतरी."

२९ डिसेंबर
महेश येऊन गेला. झालं ते बरं झालं नाही.
तपासायची बाटली आणली होती. पाण्यात थेंब टाकायचे, निळं झालं तर मऊ पाणी, लाल झालं तर क्षाराचं. बोअरचं लाल झालं. बाथरूमच्या नळाचं निळंशार. "बघा मामी."
बघितलं. बाटली त्याची, थेंब त्याचे, मग रंगही त्याचाच की. तोंडाला कुलूप घालायला हवं होतं, पण गेलं निघून, "घरच्या माणसाच्याच गळ्यात जुनं मशीन मारलंस का रे?"
पोराचा चेहरा एवढासा झाला. चहा तसाच ठेवून उठला.
हे समोरच होते. तोंडासमोर पेपर. ना माझ्या बाजूनं एक शब्द, ना भाच्याच्या.
बाटली राहिली त्याची इथं. विसरला की मुद्दाम ठेवली?

१ जानेवारी
वन्संचा करकंबहून फोन. नव्या वर्षाचं बोलतील म्हणून हसत उचलला.
"वैनी, माझं पोरगं चोर हाय व्हय?"
मी म्हटलं, चोर कुठं म्हटलं मी?
"मग काय म्हनला? सांगा की. मामाच्या घरी बसवायचं म्हनून त्यानं चांगल्यातलं चांगलं मशीन निवडलं. दोन दिस झालं, जेवताना मान वर करंना झालंय पोरगं."
हूं हूं केलं. दरवर्षी याच सुमाराला शेतावर हुरड्याला बोलावतात, यंदा नाव काढलं नाही. एवढी एकच नणंद मला. तीही तुटली तर ह्यांच्या बाजूचं माणूस म्हणून उरतं कोण?
फोन ठेवला तर हे म्हणतात, "कशाला बोललीस त्याला."
आत्ता! त्या दिवशी पेपरात काय छापून आलं होतं एवढं?

४ जानेवारी
पंचा.
लग्न झाल्यापासून ह्यांनी ओला पंचा उचलून दोरीवर टाकल्याचं मला आठवत नाही. पलंगावर, खुर्चीवर, एकदा तर रेडिओवर. आणि हल्ली अंघोळ झाली रे झाली की स्वतः पंचा घेऊन गच्चीवर! अंघोळीच्या आधीही एक फेरी असते. "पाय मोकळे करतो."
शेजारच्या गच्चीवर ती नवी सून सकाळी योगा करते, हे आपलं मी फक्त लिहून ठेवते.
काहीतरी निमित्त काढून वर गेले. सून नव्हती, तिच्या सासूबाई उन्हात मेथी निवडत बसल्या होत्या. "काय हवंय का?" काही नाही म्हटलं. या वयात काय काय डोक्यात येतं माझ्या! जिना उतरताना हसायलाच आलं.
पण पंच्याचं काय, ते राहिलंच.

७ जानेवारी
ह्यांनी शॉवर सुरू केला आणि मी बाहेरच्या बेसिनला पाणी धरलं. दोन्हींची लाइन एकच. महेशच्या बाटलीतले थेंब टाकले.
लाल.
अंघोळ झाली, पंचा घेऊन गच्चीवर गेले, खाली आले. नळ जरा वाहू दिला आणि परत धरलं.
निळं.
मशीन बिघडलेलं नाही. पोरगं खोटं बोललेलं नाही.

८ जानेवारी
आज चपला काढून ह्यांच्या मागोमाग जिन्यात जाऊन उभी राहिले.
मशीनच्या बाजूला एक कॉक आहे. बसवताना महेशनं दाखवला होता. दुरुस्तीच्या वेळी तो फिरवायचा, म्हणजे मशीन टाळून बोअरचं पाणी तसंच खाली जातं. हे गेले, इकडेतिकडे बघितलं, फिरवला. चोरून लाडू काढणाऱ्या पोरासारखे.
मी खाली आले. पोळ्या लाटल्या, एकही गोल झाली नाही. एवढे दिवस माझी मरमर बघतायत. मी त्या पोराला नाही नाही ते बोलले आणि हा माणूस पेपर वाचत बसला!

८ जाने., दुपार
जेवण झाल्यावर विचारलंच. "का?"
आधी कसला कॉक, कुठला कॉक. मग ताटातलं खरकटं बोटानं एका कडेला सारत म्हणाले,
"त्या पाण्यानं अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. बुळबुळीत. साबण निघतच नाही अंगावरचा."
"मग सांगायचं होतं!"
"तू एवढ्या हौसेनं केलंस."
"आणि महेश? त्याला मी बोलत होते तेव्हा?"
"सांगणार होतो."
"कधी?"
ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "हे बोअरचं पाणी आपल्या कु.वाडीच्या पाण्यासारखं आहे. वर्कशॉपमधून ग्रीसचे हात घेऊन यायचो, खळखळून धुवायचो, तसं वाटतं."
'आपल्या' म्हणाले. माझा राग होता तो तिथंच अडकला. मी भांडी घासायला उठले.

९ जानेवारी
महेशला फोन करून म्हटलं, चुकलं माझं. "असू द्या मामी," म्हणाला. अगदी गोड. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. ते जास्त लागलं.
ह्यांना सांगितलं, वन्संना तुम्ही स्वतः फोन करायचा. आज म्हणाले उद्या.

११ जानेवारी
केला एकदाचा. मी शेजारी बसून करायला लावला, स्पीकरवर.
"मीच फिरवत होतो ग कॉक. पोराची काही चूक नाही."
पलीकडे वन्सं अशा हसल्या, अशा हसल्या! "दादा, तू लहानपनापासनं तसलाच हायस. वैनी, ऐकताय न्हवं? ह्याला न्हाय म्हनायचं तोंडच न्हाय. आईनं कारल्याची भाजी वाढली तर गप खायचा आन् मागनं ओकायचा."
मीही हसले. हुरड्याला या म्हणाल्या, महेशला मी समजावते म्हणाल्या. जिवात जीव आला माझ्या.
आणि ठेवता ठेवता, आपलं सहज, "आवो, सोलापूरला घर घ्यायचं तरी कुटं मनात हुतं त्याच्या? मला म्हनला हुता, कु.वाडीतच कुटंतरी बघावं. तुमाला ठावं असंल की."
ह्यांनी झटकन फोन बंद केला.
मला ठाऊक नव्हतं.

१२ जानेवारी
दिवसभर डोक्यात तेच. घर बघायला आलो त्या दिवशी मी नाचत होते. ह्यांना विचारलं होतं, आवडलं का? "छान आहे." फरशी? "छान आहे." आणि पहिल्या दिवशी ती काच? तीही छान.
छान म्हणजे काय असतं ह्यांचं?
वांग्याचं भरीत छान. माझा बिनसाखरेचा चहा छान. आता एकेक आठवतंय आणि प्रत्येकावर संशय येतोय. डाग परवडले, ते निदान दिसतात तरी.

१३ जानेवारी, भोगी
पहाटे मीच गच्चीवर गेले आणि कॉक फिरवून आले. आज न्हाण, म्हटलं होऊ दे मनासारखं. आत बराच वेळ पाणी वाजत होतं. काहीतरी गुणगुणत होते. ह्यांचं गुणगुणणं या घरात पहिल्यांदा ऐकलं मी.
बाहेर आले तेव्हा समोर उभं राहून विचारलं, "सोलापूरला यायचं नव्हतं ना तुम्हाला?"
"आता काय त्याचं."
"नव्हतं ना?"
"घर छान आहे," म्हणाले, आणि पंचा माझ्या हातात देऊन देवासमोर जाऊन बसले.
भोगीची भाजी केली. बाजरीच्या भाकरीला लोणी. दोनदा मागून घेतली. खरंच आवडली का, ते देव जाणे.

१६ जानेवारी
काच पुसली नाही. संक्रांतीपासूनच. ठिपके आहेत, असू देत.
सकाळी हे पिशवी घेऊन निघाले. कु.वाडी, पेन्शनचं. मी साडी बदलूनच बसले होते. म्हटलं, "मीही येते."
दारात थबकले. "तू कशाला? गर्दी असते गाडीला."
"पेन्शनचं मलाही बघू दे की एकदा, काय असतं ते."
माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ये," म्हणाले.
गाडीत खिडकी मला दिली. मोहोळ गेलं तेव्हा हे लिहितेय, अक्षर हलतंय. शेजारी बसलेत, हात मांडीवर, चेहऱ्यावर काही नाही. मी आलेली चालतेय का ह्यांना? नको म्हणाले नाहीत. पण हे नको म्हणतात कधी.