मार्क वजा करणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

आठवतं तुला? पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी संध्याकाळी नन्सच्या बैठकीच्या खोलीत आपल्याला टीव्ही बघू द्यायचे. स्कर्ट गुडघ्यांवर ओढून आपण जमिनीवर बसायचो. एकदा पडद्यावर माझ्याएवढी एक मुलगी, वीतभरही रुंद नसलेल्या बीमवर उलटी उडी मारत होती. माझा श्वास अडकलेला, आणि तू माझ्या कानात म्हणालीस, "ही पडणार." ती पडली. केवढी खूश झालीस तू!

आज लिहितेय, कारण उद्या तुझा तेरावा. माझ्याकडे ठेवायला दिलेल्या तुझ्या सोन्याच्या पाटल्या उद्या द्यायच्या आहेत. "दोन्ही माझ्या लेकीला, माधुरीला. सुनेला माझी जुनी साडीसुद्धा देऊ नकोस," असं तू बजावलं होतंस. इंदापूरच्या तुझ्या घरात, सुनंदा पलीकडे भांडी घासत असताना, मुद्दाम मोठ्यानं.

जिम्नॅस्टिक्स बघून तू काय शिकलीस गं? मला त्या मुलींच्या हातांची लांब रेघ आवडायची. उडी संपून पाय जमिनीला चिकटतात, तेव्हाची शांतता आवडायची. तू फक्त मार्क वजा करायला शिकलीस. निरवांगी गावाहून सुनंदा सून होऊन आली आणि तू तिच्या भाकरीला मार्क द्यायला लागलीस. "कड फाटली, अर्धा वजा. फुगली नाही, एक वजा." तेही पाहुण्यांसमोर. सगळे हसायचे. तीही हसायची, पदर तोंडाला लावून. वीस वर्षं.

मग तू अंथरुणाला खिळलीस आणि रिमोट तिच्या हातात गेला.

ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा सोहळा सकाळी पुन्हा दाखवणार होते, म्हणून मी बारामतीहून मुद्दाम आले. कुठल्याशा इवल्या बेटाचे दोनच खेळाडू, पण झेंडा असा हलवत होते, जणू मागून सगळा देश चालत येतोय. माझे डोळे भरून आले. तू म्हणालीस, "कोट ढगळ आहेत. साडेपाच." आपला झेंडा येणार, इतक्यात सुनंदानं टीव्ही बंद केला.

"आई, सकाळी गोळी थुकली तुमी. चार मार्क. चार मार्कावर टीव्ही न्हाय."

मी तिला रागावले. ती माझ्याकडे वळली. "मावशी, माझ्या भाकरीला मार्क पडत हुते, तवा न्हाय कुणाला रागावला."

आणि तू? उशीवरून म्हणालीस, "बरोबर आहे तिचं. नियम म्हणजे नियम." डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं. आठवड्याच्या आत गेलीस. आपला झेंडा राहिलाच.

घरात सुतक, टीव्ही बंद. पण बीमच्या फायनलच्या दुपारी तुझा मुलगा बाहेर गेला, तशी सुनंदानंच दार लोटलं आणि आवाज न करता टीव्ही लावला. जी जिंकणार असं तू म्हणाली होतीस, तीच मुलगी गिरकी घेताना पडली. उठली, हातांना पावडर चोळली, परत चढली. तिच्या कोचनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एक मार्क गेला," सुनंदा म्हणाली. "आई असत्या तर आज पोटभर जेवल्या असत्या." मग पडद्यावरची नजर न काढता, "पाटल्या तुमच्याकडंच हायेत न्हवं? मला द्यायच्या न्हाईत, व्हय ना?"

"नाही म्हणालीय ती."

"ऐकलं हुतं मी."

ताई, तुला शेवटची आंघोळ आम्ही बायकांनीच घातली. सहा महिने पडून होतीस, पण पाठीवर एक जखम नव्हती. शेजारणी एकमेकींकडे बघत राहिल्या. दिवसरात्र तुला कुशीवर कोण वळवत होतं? माधुरी बारामतीत, गाडी दारात, आणि आली ती तिरडी बांधून झाल्यावर.

सुनंदा दुष्ट आहे. तूही होतीस. त्या झेंड्याबद्दल मी तिला माफ करणार नाही, आणि पदराआडच्या तिच्या हसण्याबद्दल तुला.

एवढं मात्र वचन देते, पुढच्या ऑलिंपिकला मी इंदापूरलाच येईन. तिच्याशेजारी बसून सगळं बघेन, पहिल्या झेंड्यापासून.

आता ऐक, उद्या काय होणार आहे ते. दोन्ही पाटल्या सुनंदाला, माधुरीच्या डोळ्यांदेखत, मी माझ्या हातांनी घालणार. तुझा चष्मा मला. साड्या सगळ्या माधुरीला, आणि त्यांच्याबरोबर तुझ्या अंगाखालचं मेणकापड. तिला आईची आठवण हवीय म्हणे. सुनंदानं धुऊन, घडी करून ठेवलंय.

तुझी धाकटी,
कुंदा