अध्यक्षीय नियम शेवटी

३ नोव्हेंबर, सोमवार
आमच्या न्यूज पोर्टलची सूत्रे अखेर योग्य हाती आली. म्हणजे माझ्या. जुनी साइट शनिवारी कायमची बंद, रविवारी नवी. जुन्यातला कोणता मजकूर फाइलींत बांधून नव्या घरी न्यायचा आणि कोणता तिथंच मरू द्यायचा, याचे नियम लिहायचे. ह्याला सीरियलायझेशन म्हणतात. नाव ठेवणाऱ्याची कीव आली.

मालक अबरारभाई खाली फळांच्या दुकानातून म्हणाले, शास्त्रीबुवा, तुमीच करा, तुमाला तसंबी काय काम हाय. विश्वास म्हणतात तो हा.

माझं 'अमृतबिंदू' हे सदर तेवढं न्यायचं. दहा वर्षांचं चिंतन. बाकी गाळ. वाचक मोजके, पण अस्सल. युसूफ वडगाव या गावचा भागवत दर लेखाखाली न चुकता 'छान सर' लिहितो. हल्ली ऊसतोडीला कर्नाटकात आहे, तिथूनही लिहितो.

निश्चय: उद्या सकाळी आठच्या आत काम फत्ते.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सुरुवात केली नाही. उत्तम रचना मनात आधी मुरावी लागते.

दुपारी स्क्रीन उघडली. नियमांच्या वर चार ओळी इंग्रजी सूचना. पहिल्याच वाक्याला ना शेंडा ना बुडखा. असलं गद्य मी वाचत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
अबरारभाईंचा हुकूम: मोसंबीचा भाव सगळ्यात वर पाहिजे. व्यापारी माणूस, हौस ती केवढी. पहिला नियम: बाजारभाव न्या.

ऑपरेटर खतीजा म्हणाली, सर, निधनाच्या बातम्या बी घ्या, लई लोक बघतेत. जिवंत लेखक समोर बसलाय आणि हिला मेलेल्यांची काळजी. दिला दुसरा नियम.

तिसरा: बाकी सगळं वगळा. चौथा: 'अमृतबिंदू' न्या.

खतीजाने विचारलं, सर, तुमचं एवढं खाली कावून? समजावलं, की सत्काराच्या कार्यक्रमात आधी फुटकळ लोक बोलतात, अध्यक्ष शेवटी, आणि अध्यक्षांचा शब्द अंतिम. म्हणाली, अध्यक्ष बोलायला उठतेत तवा खुर्च्या गोळा करणारेच राहतेत, सर.

बाईंना सभाशास्त्र ठाऊक नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
खतीजा: एकदा चालवून बघू का, काय काय येतंय? म्हटलं, ज्याला स्वतःवर शंका असते तो तपासतो.

घरीही तेच. मंगल म्हणाली, अहो, लेखांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा की. दहा वर्षांचं चिंतन किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवून हिंडू? हसलो. ती हसली नाही. विनोदबुद्धी माहेरीच राहिली असावी.

८ नोव्हेंबर, शनिवार
बटण दाबलं. हिरवी खूण आली. जुनी साइट बंद, पुसूनही टाकली. उद्या वाचकांचे फोन येतील. मोबाइल आत्ताच चार्जिंगला लावला.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी नवी साइट उघडली. मोसंबी. निधन. मोसंबी. खाली गेलो. आणखी खाली गेलो. 'अमृतबिंदू' नाही.

दुपारी. त्या चार ओळी वाचल्या. नियम वरून खाली लागतात. मजकूर ज्या नियमात आधी सापडेल तोच लागू, पुढचे बघतच नाहीत. म्हणजे 'बाकी सगळं वगळा' यानेच मला गिळलं. अध्यक्ष उठण्याआधी मंडप सोडला. ही कसली संस्कृती. आणि असलं महत्त्वाचं इतक्या वाईट भाषेत लिहायचं?

मंगलला अजून सांगितलेलं नाही. ती काही बोलणार नाही. तेच नको आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
एकही फोन नाही. वाचक धक्क्यात असावेत.

त्यांना कळवायला हवं. पण साइटवर दारं दोनच, आणि मोसंबीत मी बसत नाही. खतीजाला निधनाच्या सदरात मजकूर सांगितला: 'आमची लाडकी अमृतबिंदू अकाली निवर्तली. शोकाकुल, त्रिंबकशास्त्री, माजलगाव.' तिने माझ्याकडे पाहिलं, टाइप केलं, आणि सवयीने खाली हात जोडलेलं चित्र लावलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळपासून 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा पाऊस. अबरारभाई वर आले. म्हणाले, शास्त्रीबुवा, दहा वर्षांत तुमचं पयल्यांदा इतकं चाललं. असूयेलाही सूर असतो.

संध्याकाळी भागवतचा फोन. उसाच्या फडावरून. त्याचा आवाज जड होता. माझाही झाला. म्हणाला, सर, लई वाईट झालं. अमृतबिंदू तुमची कोण लागत हुती?

म्हटलं, भागवत, तुम्ही दर आठवड्याला 'छान सर' लिहायचात ना?

म्हणाला, गावाकडं कोण गेलं ते बघायला उघडतो, सर. मधी तुमचं ते लांब यायचं. खाली 'छान सर' लिवल्याबिगर पुढचं उघडत न्हाई वाटायचं.

मग विचारलं, वय काय हुतं?

दहा वर्षं, म्हणालो.

लेकरूच की वो, म्हणाला, आणि नाक ओढलं. मागे ट्रॅक्टर चालू होता.

माझ्या लेखनाने माणूस असा गहिवरलेला पहिल्यांदाच ऐकला.